दगडाची रोजी

मोरगावात मयूरेश्वरासमोर भलाथोरला नंदी बसलेला आहे. गणपतीपुढे नंदी कसा, हा बाहेरच्या भाविकाचा प्रश्न ठरलेला आणि गावाचं उत्तरही ठरलेलं: नंदी कुठल्याशा शंकराच्या देवळाकडे निघाला होता, इथे गाडा मोडला आणि मग तो काही केल्या हलेना. आम्हा पोरांना यात देवाची इच्छा दिसायची. आमचे आबा मात्र ही गोष्ट सांगताना गाड्यावरच रेंगाळायचे. धोंडा केवढा असेल, बैल किती जुंपले असतील, आख नेमका कुठे मोडला असेल. आबांच्या लेखी दगड इथवर आला हाच चमत्कार होता. तो थांबला यात कसलं नवल?

दगडाचा हा सोस आबांकडे त्यांच्या आजीकडून आला असावा. शहात्तरच्या दुष्काळात ती परकरी पोर होती आणि आईबापांबरोबर नीरेच्या कॅनॉलवर कामाला गेली होती. तो दुष्काळ म्हणजे 1876-77चा. बारामती तेव्हा भीमथडी तालुक्यात होती. सरकारने दुष्काळी काम म्हणून नीरा डावा कालवा काढला आणि कऱ्हाकाठची गावंच्या गावं घमेली-पाट्या घेऊन तिकडे लोटली. 1885मध्ये कालव्याला पाणी आलं. त्याला वरून पुरवठा करणारं वेळवंडी नदीवरचं भाटघरचं धरण त्यानंतर काही वर्षांनी पुरं झालं. वीरजवळ नीरेतून निघून बारामती-इंदापूरकडे जाणारा हा कालवा शंभर मैलांहून लांब आहे.

त्या कामावरच्या मजुरीची गोष्ट आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरीच्या सुरात सांगितली गेली. “दिसभर धोंडं उचलायचं आन्‌ वंजळभर दाण्याचं पैसं,” असं आजी म्हणायची म्हणे. इतिहासाची पुस्तकं आजीच्या बाजूने साक्ष देतात. दुष्काळाच्या पाहणीवर आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी माणसाला दिवसाला एक पौंड धान्य पुरतं, असा हिशेब मांडला होता. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि तेही दिवसभर पहार चालवणाऱ्याला! पुणे सार्वजनिक सभेने याविरुद्ध सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. दख्खनच्या कामांवरून हजारो मजूर हत्यारं टाकून चालते झाले. आमची माणसं त्यांत होती की नाही, हे आजीने सांगितलं नाही. ती सांगायची फक्त दगडाचं.

जुन्या कालव्याची भिंत म्हटली की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ल्याचा तट उभा राहतो. प्रत्यक्षात कालव्याचे काठ बहुतेक मातीचे. दगड लागला तो वीरच्या बंधाऱ्याला, ओढ्यांवरच्या मोऱ्यांना, पुलांना. एखाद्या जुन्या मोरीखाली वाकून पाहा. चिऱ्याच्या तोंडावर टाकीचे तिरके घाव अजून मोजता येतात, आणि एका चिऱ्यावरचे घाव शेजारच्याशी जुळत नाहीत. प्रत्येकाचा हात वेगळा. हे काम वडारांचं आणि पाथरवटांचं. आमच्यासारखे कुणबी त्यांच्या हाताखाली, वाहायला.

पाथरवट आधी दगडावर हातोडी मारून कान द्यायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे असं समजून सोडून द्यायचा. मग छिन्नीने एका रेषेत भोकं पाडून त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेकीवर घण घालत जायचं. घाई केली तर दगड आडवातिडवा फुटतो. धीराने घेतलं तर टचकन रेषेवर उकलतो. कपच्या डोळ्यांत उडायच्या. आजीच्या बापाचा एक डोळा असाच गेला, आणि त्याबद्दल कुठल्या सरकारी कागदावर काही लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

हा दगड बेसाल्टचा, आपल्या नेहमीच्या भाषेतला काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहिलेला लाव्हा. ग्रॅनाईट आमच्याकडे स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिसतो, तोही ट्रकमधून परराज्यातून आलेला. ज्या विलायती इंजिनियरांच्या देशात धक्क्यांना आणि पुलांना ग्रॅनाईट वापरत, त्यांनाही इथे काळ्या दगडाशीच जमवून घ्यावं लागलं. तरी ग्रॅनाईट आपल्या पायाखालीच आहे. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्रं घेतली, तेव्हा किलोमीटरभर काळा पाषाण संपल्यावर ग्रॅनाईटजातीचा खडक लागला. मोरगावात बोअर घेताना चारशे फुटांवर नुसती धूळ उडाली की मला हे आठवतं आणि हसू येतं.

दगड सांधला चुन्याने. त्यात गूळ, हिरडा, उडीद घालत, असं गावोगाव सांगतात आणि आबाही सांगायचे. घालत असतीलही, पण उपाशी मजुरांच्या देखत गूळ चुन्याच्या घाणीत ओतला जात असेल, हे माझ्या पचनी पडत नाही. आपल्याकडच्या चुनखडीत मुळातच मातीचा अंश असतो. ती भाजून केलेला चुना त्यामुळे पाण्याखालीही घट्ट होतो. गुळाला मिळालेलं श्रेय मी चुनखडीला देईन.

आता मुद्द्याचं. हा कालवा मोरगावला मिळाला नाही. पाटाचं पाणी उताराने जातं. तो नीरेच्या अंगाने खाली खाली गेला, आणि कऱ्हेच्या वरच्या खोऱ्यातलं मोरगाव त्याच्याहून उंचावर राहिलं. खाली ऊस आला, माळेगाव-सोमेश्वर-भवानीनगरचे कारखाने उभे राहिले. वर आम्ही बाजरी आणि हुलगा करत राहिलो. एकाच तालुक्याचे बागायत आणि जिराईत असे दोन तुकडे पडले आणि सोयरिकी जुळवतानाही ते बघितले जाऊ लागले. “कॅनॉलखालचं स्थळ हाय” एवढं म्हटलं की पुढची चौकशी निम्मी व्हायची.

मग एकोणीसशे बाहत्तर उजाडलं. सलग पाऊस गेला आणि सरकारने पुन्हा आमच्या हातात दगडच दिला. या वेळी खडी. आई आणि काकू माळावर उन्हात बसून हातोडीने खडी फोडायच्या. बोटांना चिंध्या बांधलेल्या, शेजारी चौकोनी ढीग. मुकादम फूटपट्टी लावून ढीग मोजायचा. ढिगाच्या पोटात मोठे धोंडे लपवण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक होती, मुकादमालाही. आम्हा पोरांना सुकडी मिळायची आणि घरी तांबड्या मिलोच्या भाकरी. त्या थापताना तुटायच्या.

याच काळात आबांच्या गोष्टीत घोटाळा सुरू झाला. कॅनॉलवर आजीला सुकडी मिळाली, असं ते सांगू लागले. भाटघरचं नवं धरण 1928मध्ये पुरं झालं, त्याचीही आगगाडी आणि साहेब शहात्तरमध्ये येऊन बसले. मी शाळेत शिकलेली सनावळी सांगून एकदा त्यांना अडवलं. “दुष्काळ कुठलाबी असू दे,” आबा म्हणाले, “काम त्येच हुतं.” सनांच्या बाबतीत त्यांचं चुकलं होतं. कामाच्या बाबतीत मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. शेतात पाणी द्यायचं ते जिथे उतार असेल तिथे, आणि पाऊस नसेल तेव्हा दगड फोडायला द्यायचा तो आमच्याकडे, असं शंभर वर्षं चाललं.

हल्ली जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजनांचं पाणी जिराईत पट्ट्यातल्या काही गावांत येतं, विजेचं बिल भरलेलं असेल तेव्हा. खाली कालव्याला काँक्रीटचं अस्तर घालायची गोष्ट निघाली की शेतकरी विरोध करतात. पाझर थांबला तर काठच्या विहिरी आटतील, ही त्यांची भीती रास्त आहे. आई-काकूंनी खडी फोडली, त्या कामांतून झालेला एक रस्ता आता डांबरी आहे. त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. ऊस मात्र आमचा नसतो.