अंड्यावरचा रंग : वसई, पोर्तुगाल आणि कांद्याच्या साली

१/ वसईचा इतिहास म्हटला की आपण किल्ल्याकडे वळतो. आज स्वयंपाकघराकडे वळू. ईस्टरचे अंडे रंगते ते कशाने, आणि का?

२/ डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली; मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोन शतकांत सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली आणि ईस्टर येथील पंचांगात रुजला.

३/ पण अंडेच का? मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. उपवास माणसांचा, कोंबड्यांचा नव्हे! साठलेली अंडी सणाला बाहेर येत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० च्या हिशेबात रंगवण्यासाठी व सोन्याचा वर्ख लावण्यासाठी घेतलेल्या ४५० अंड्यांचा खर्च नोंदला आहे : १८ पेन्स.

४/ पोर्तुगालमध्ये ईस्टरला 'फोलार' नावाचा पाव करतात. त्यात सालासकट उकडलेले अंडे बसवतात आणि ते रंगवायला कांद्याच्या साली वापरतात. राजवाड्यात सोने, शेतकऱ्याघरी कांद्याची साल.

५/ कृती सोपी आहे. कांद्याच्या सुक्या साली पाण्यात उकळल्या की त्यातील क्वेर्सेटिनसारखी रंगद्रव्ये उतरतात. पाण्यात थोडा व्हिनेगर घातला की टरफलावरील प्रथिनांचा पातळ थर रंग चांगला धरतो. कांदा तांबूस-तपकिरी छटा देतो, हळद पिवळी, तर जांभळा कोबी निळी. व्हिनेगर जास्त झाला तर मात्र टरफलातील चुना विरघळू लागतो आणि बुडबुडे येतात.

६/ अंड्याच्या टरफलावर कलाकुसर करण्याची हौस ईस्टरहून फार जुनी आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या टरफलाचा कोरीव रेषा असलेला तुकडा मिळाला. त्याचे वय सुमारे २५,००० वर्षे मानले जाते. म्हणजे महाराष्ट्रातील ही कला वसईच्या किल्ल्याहूनच नव्हे, शेतीहूनही जुनी.

७/ पाटण्याची रेष टिकली, कारण ती कोरलेली होती. वनस्पतींचा रंग उन्हाने उडतो आणि अंडे तर सणाच्या दिवशीच सोलून खाल्ले जाते. किल्ल्याचे दगड आपली साक्ष स्वतः देतात. स्वयंपाकघराची साक्ष मात्र माणसांनाच द्यावी लागते. घरी आजी असेल, तर सणाच्या रंगांविषयी आजच विचारा, आणि ती सांगेल ते तारीख घालून वहीत उतरवून ठेवा. उद्याच्या इतिहासकाराला तेच साधन ठरेल.