कृष्ण अभ्रिका, संगणकीय तारांगणातील
मागील ताऱ्यांचा प्रकाश अडविणारे धूलिमेघ. यांच्या नोंदींसाठी तारांगण-आज्ञावलींची भिस्त बर्नार्ड (१९२७, ३४९ नोंदी) व लिंड्स (१९६२) यांच्या सूचींवर असते. स्वयंप्रकाश नसल्याने दृश्यप्रतीचा रकाना रिकामाच. म्हणून लिंड्स यांनी ठरविलेले अपारदर्शकतेचे १ ते ६ दर्जे प्रमाण मानावे लागतात. बर्नार्ड यांचे मूळ सहनिर्देशक १८७५ च्या संपातास धरून असल्यामुळे, संपातचलनाचा हिशेब न करता ते जसेच्या तसे दाखल केले, तर मृगातील बाणालगतची, जेमतेम ६ कला रुंदीची अश्वशीर्ष अभ्रिका (बर्नार्ड ३३) पडद्यावर दीड अंशाहून अधिक सरकते. मुंबईतील प्रभादेवीच्या गच्चीवरून, वीजदिव्यांच्या झगमगाटात, जेथे आकाशगंगाच दिसेनाशी झाली, तेथे तिच्यातील काळोख कोठून दिसावा! तिच्या पट्ट्यासाठीही शेजारी वरळीस, १९७७ पासून चालू असलेल्या नेहरू तारांगणाच्या घुमटाखाली जावे लागते.