द्राक्षनिर्यात आणि पुरवठादारांची सामायिक पर्यावरणमानके

द्राक्षनिर्यात आणि पुरवठादारांची सामायिक पर्यावरणमानके : एखाद्या मालाचे अनेक मोठे खरेदीदार एकत्र येऊन, दूरदेशीच्या पुरवठादारांनी तो माल कोणत्या पद्धतीने पिकवावा वा तयार करावा, यासंबंधी जी एकच नियमावली ठरवितात, तिला सामायिक मानक म्हणता येईल. मालाची प्रत तपासणे हा व्यापाराचा जुना प्रघात आहे. परंतु माल तयार होत असताना माती, पाणी, मजूर आणि औषधफवारणी यांचे काय झाले, याची विचारणा खरेदीदाराने करणे ही विसाव्या शतकाच्या अखेरची घटना होय. महाराष्ट्रात तिचा पहिला मोठा अनुभव कारखानदारांना नव्हे, तर द्राक्ष बागाईतदारांना आला.

महाराष्ट्रातील द्राक्षशेतीचा प्राचीन धागा दौलताबाद परिसराशी जुळतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीस हलविली. चौदाव्या शतकातील मोरोक्कन प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादच्या द्राक्षांचा व डाळिंबांचा आणि तेथे वर्षातून दोनदा फळे येत असल्याचा उल्लेख केला आहे. दख्खनच्या उष्ण हवेत वेल विसावा घेत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावे लागते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. पहिलीने फळधारक काडी तयार होते, दुसरीने घड येतो. ही माहिती येथे अप्रस्तुत वाटेल. पण २०१० मधील संकटाचे मूळ या दोन छाट्यांमधील अंतरातच होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाने नासिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांत जम बसविला. तासगाव भागात तास-ए-गणेश, तर सोलापूरजवळील नान्नज येथे सोनाका हे त्याचेच निवड वाण शेतकऱ्यांच्या बागांतून पुढे आले. युरोपात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ताज्या द्राक्षांची टंचाई असते. ती भरून काढण्याच्या हेतूने १९९१ मध्ये बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी महाग्रेप्स ही भागीदारी संस्था उभारली. तिला महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे साहाय्य होते. प्रारंभीच्या खेपांचा अनुभव कटू होता. पूर्वशीतकरण, गंधकाच्या कागदाची पेटीतील मांडणी, मण्यांचा आकार व घडाची विरळणी या सर्व गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. मात्र त्या काळात खरेदीदाराचे प्रश्न पेटीपुरतेच मर्यादित होते. बागेत काय घडते याची चौकशी त्याने अद्याप आरंभिली नव्हती.

ही चौकशी सुरू होण्याची कारणे युरोपातच होती. ब्रिटनमध्ये १९९० च्या अन्नसुरक्षा अधिनियमाने विक्रेत्यावर योग्य ती दक्षता घेतल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. गायींच्या मेंदूरोगामुळे ग्राहकांचा विश्वासही डळमळला होता. तेव्हा प्रत्येक मोठ्या दुकानसाखळीने आपापली नियमावली काढली. टेस्कोची १९९२ मधील नियमावली हे त्याचे एक उदाहरण होय. परिणामी एकाच शेतकऱ्याच्या बागेची चार खरेदीदारांसाठी चार वेळा तपासणी होऊ लागली. हा गोंधळ आवरण्यासाठी १९९७ मध्ये युरोपीय किरकोळ विक्रेत्यांच्या कार्यगटाने ‘युरेपगॅप’ हे समान मानक तयार करण्याचे काम हाती घेतले. त्याचे कार्यालय जर्मनीतील कोलोन येथे होते. २००७ मध्ये त्याचे नाव ‘ग्लोबलगॅप’ असे करण्यात आले. पुढे त्याच्या मंडळावर उत्पादकांना व विक्रेत्यांना समसमान जागा देण्यात आल्या. तथापि आरंभीचा मसुदा विक्रेत्यांनीच लिहिला होता, ही वस्तुस्थिती विसरता येत नाही.

या मानकातील अटी तीन प्रतींच्या आहेत. प्रमुख अटींची पूर्तता शंभर टक्के, दुय्यम अटींची पंचाण्णव टक्के व्हावी लागते. उरलेल्या केवळ शिफारशी असतात. फवारणीची नोंदवही, औषधांचे कुलूपबंद भांडार, रिकाम्या डब्यांची विल्हेवाट, पाण्याचे व मातीचे परीक्षण, मजुरांसाठी हात धुण्याची व स्वच्छतागृहाची सोय, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधीचे पालन असे तिचे स्वरूप आहे. एकदोन एकर बागेच्या धन्याला स्वतंत्र प्रमाणपत्राचा खर्च परवडणे कठीण, म्हणून समूह प्रमाणनाची वाट ठेवलेली आहे. त्यात गटाने स्वतःचे अंतर्गत निरीक्षक नेमून सर्व सभासदांची तपासणी करावयाची असते आणि बाहेरील प्रमाणन संस्था सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बागा पाहते. शंभर सभासद असतील, तर दहा बागा. एका सभासदाची नोंद खोटी निघाली, तर धोका सर्व गटाला असतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या फवारणीवर शेजाऱ्याचे लक्ष राहू लागले. महाराष्ट्रातील सहकारी परंपरेला ही पद्धत मानवली. महाग्रेप्सशी निगडित शेतकऱ्यांचे उत्पन्न इतरांपेक्षा अधिक असून त्यातून लहान शेतकरी वगळला गेला नाही, असा निष्कर्ष देवेश रॉय व अमित थोरात यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळतो.

खरी कसोटी २००३ मध्ये लागली. त्या वर्षी नेदर्लंड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल व ॲसिफेट या कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि युरोपातील बाजारपेठच हातची जाण्याची भीती उत्पन्न झाली. तोपर्यंत मानक पाळणे हा काही पुढारलेल्या गटांचा प्रश्न होता. आता दिसून आले, की एका बागेतील चूक साऱ्या देशाच्या नावावर लिहिली जाते. त्यानंतर कृषी आणि प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाने, म्हणजेच अपेडाने, अवशेष संनियंत्रणाची योजना लागू केली. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळेस राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचा दर्जा मिळाला. निर्यातीची प्रत्येक बाग राज्याच्या कृषी खात्याकडे नोंदवावी, काढणीपूर्वी तिचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने स्वतः घ्यावा आणि अहवाल निर्दोष आला तरच काढणी व्हावी, असा क्रम ठरला. वापरता येण्याजोग्या औषधांची व त्यांच्या प्रतीक्षा कालावधीची जी यादी दरवर्षी निघते, ती बागाईतदारांत ‘ॲनेक्श्चर पाच’ या नावानेच ओळखली जाते.

२००६ मध्ये अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. पेटीवरील क्रमांकावरून ती पेटी कोणत्या बांधणीगृहातून निघाली, कोणत्या बागेतील आहे आणि तिचा प्रयोगशाळेतील अहवाल काय होता, हे युरोपातील आयातदारास समजू लागले. ताज्या फळांसाठी अशा प्रकारची देशव्यापी व्यवस्था भारतात प्रथमच उभी राहिली होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सामायिक मानक खासगी, पण त्याची पूर्तता शक्य करणारी प्रयोगशाळा, नोंदणी व कृषी अधिकारी हे सारे सार्वजनिक होते. युरोपीय साखळ्यांनी नियम लिहिले. त्यांचा बराचसा भार येथील शासनाने व शेतकऱ्याने उचलला.

२०१० च्या हंगामात या व्यवस्थेची मर्यादा उघड झाली. १ सप्टेंबर २००८ पासून युरोपीय संघात सर्व सदस्य देशांसाठी अवशेषांच्या एकसमान मर्यादा लागू झाल्या होत्या. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्यास किलोग्रॅममागे ०·०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, ही मर्यादा लागू होती. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकासाठी द्राक्षांत ती ०·०५ मिलिग्रॅम होती. हे रसायन कीटकनाशक नव्हे. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून काडीत घडनिर्मिती वाढावी, यासाठी महाराष्ट्रात ते सर्रास वापरले जाई. फळ छाटणीच्या कितीतरी आधी, घड दिसण्यापूर्वीच त्याची फवारणी होत असल्याने त्याचा अंश फळात उतरेल, अशी कल्पना कोणास नव्हती. ते वेलीच्या लाकडात टिकून राहते व पुढे मण्यांत येते. भारतातील तपासणीच्या यादीत त्याचा समावेश नव्हता. म्हणून येथील अहवाल निर्दोष आणि युरोपातील अहवाल सदोष, असा प्रकार घडला. माल बंदरांत अडला, भाव कोसळले आणि अनेक बागाईतदारांचे पैसे बुडाले. ज्यांनी नोंदवही चोख ठेवली होती, जे नियमानुसार वागले होते, त्यांनाही हा फटका बसला. दोष कोणाचा, याचे उत्तर सरळ नाही : मर्यादा प्रसिद्ध झालेली होती, परंतु ती आणि येथील छाटणीची पद्धत यांची सांगड घालून पाहणे हे यादी करणाऱ्यांचे काम होते, फवारणाऱ्याचे नव्हे.

त्यानंतर हे रसायन यादीत आले, त्याच्या चाचणीची सोय झाली आणि निर्यातीच्या बागांतून त्याचा वापर थांबविण्यात आला. याच संकटातून तावूनसुलाखून निघालेल्या नासिक भागातील शेतकऱ्यांच्या गटातून मोहाडी (ता. दिंडोरी) येथील सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी पुढे नावारूपास आली. निर्यातही सावरली, २०१८-१९ मध्ये भारतातून सुमारे २·४६ लाख टन द्राक्षे बाहेर गेली व त्यांतील फार मोठा वाटा महाराष्ट्राचा होता.

सामायिक मानकामुळे तपासण्यांची संख्या घटेल, ही मूळ अपेक्षा मात्र अंशतःच फळास आली. जर्मनीतील काही दुकानसाखळ्यांनी कायदेशीर मर्यादेच्या एकतृतीयांशाहून अधिक अवशेष नको, तसेच एका नमुन्यात ठराविक संख्येपेक्षा जास्त रसायने आढळू नयेत, अशा अटी वर जोडल्या. दुसरी अट शास्त्रीय दृष्ट्या विचित्र आहे. एकाच औषधाच्या वारंवार वापराने केवडा व भुरी या रोगांत प्रतिकारशक्ती निर्माण होते, म्हणून औषधे आलटून पालटून वापरावीत, असे संशोधक सांगतात. ही अट नेमके त्याच्या उलट वागण्यास भाग पाडते. शिवाय ग्लोबलगॅपचे चिन्ह ग्राहकास दिसत नाही. ते व्यापाऱ्याव्यापाऱ्यांतले प्रमाणपत्र असल्याने त्यापोटी वाढीव भाव मिळेल याची हमी नसते. ते नसेल तर माल घेतला जात नाही, एवढेच. सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनाडीन्स या लहानशा देशाने आपल्या केळ्यांच्या बाबतीत हीच तक्रार २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या समितीपुढे मांडली होती. शासनांवर बंधनकारक असलेले करार खासगी मानकांना कितपत लागू होतात, याचा निर्णय त्या चर्चेतून लागू शकला नाही.

पर्यावरणाच्या अंगाने पाहता या मानकाचा मुख्य भर फळातील अवशेषावर, म्हणजे खाणाऱ्याच्या हितावर राहिला. निर्यात एकूण उत्पादनाच्या दहा टक्क्यांहून कमी आहे. उरलेली द्राक्षे देशी बाजारात वा बेदाण्यासाठी जातात. त्यांवर कायदेशीर मर्यादा असली, तरी बागवार नोंदणी आणि काढणीपूर्व चाचणी नाही. पाण्याचा प्रश्न तर याहून बिकट होय. तासगाव किंवा सोलापूरकडील बागा अवर्षणाच्या वर्षांत टँकरच्या पाण्यावर जगविल्या गेल्या. ठिबक सिंचनाची नोंद तपासनीस पाहू शकतो. सगळ्या गावाने मिळून भूजल किती उपसले, हे एका बागेच्या तपासणीत दिसत नाही. जालना जिल्ह्यातील कडवंची येथे १९९६ पासून पाणलोटाची कामे होऊन द्राक्षबागा वाढल्या. महाराष्ट्रात इतरत्र मात्र प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी विहिरींच्या उपशाने भरली जाऊन पाणी वाफेच्या रूपाने वाया गेल्याची उदाहरणे आहेत. ग्लोबलगॅपने पाण्यासाठी ‘स्प्रिंग’ नावाची स्वतंत्र पुरवणी पुढे आणली, तीत पाणलोटाचा विचार आहे.

दौलताबादपासून जवळच असलेल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात हाच प्रवाह कारखानदारीतून आला. उस्मानपुऱ्यालगतच्या रेल्वेस्थानक परिसरातील जुनी औद्योगिक वसाहत, नंतरची चिकलठाणा आणि १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झालेली वाळूज येथील वसाहत यांतील लहान सुटेभाग उत्पादकांपुढे आयएसओ १४००१ हे १९९६ मधील पर्यावरण व्यवस्थापन मानक खरेदीदारांच्या मागणीच्या रूपाने येऊन ठेपले. ते कार्यपद्धतीचे मानक आहे. अवशेषासारखी एकच संख्या त्यात नसते, त्यामुळे एका रात्रीत माल नाकारला जाण्याचा प्रसंगही तेथे सहसा येत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठासाखळीतील पर्यावरणीय व मानवी हानीची दक्षता घेण्याचे बंधन घालणारा निर्देश मंजूर केला. २०२५ मध्ये त्याच्या अंमलबजावणीची मुदत पुढे ढकलण्यात आली.