शिंदळ माकुडी

रुईच्या गोत्रातील ही मांसल खोडाची बहुवर्षायू ओषधी निसर्गतः केवळ महाराष्ट्रात, आणि तीही सह्याद्रीच्या व त्याच्या पूर्वेकडील फाट्यांच्या मोजक्या कड्यांवर उगवते. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. ही एकच जाती असलेली स्वतंत्र प्रजाती, असे दीर्घकाळ मानले गेले. अलीकडील वर्गीकरणात तिचा समावेश बूसेरोशिया प्रजातीत होतो, तथापि सरकारी दप्तरात आणि अभ्यासकांच्या बोलण्यात जुनेच नाव रूढ आहे.

मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातील अधिकारी आणि १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बॉम्बे फ्लोरा’ या ग्रंथाचे एक कर्ते निकोल डॅलझेल यांनी जुन्नरच्या डोंगरांतील नमुन्यांवरून तिचे प्रथम वर्णन केले आणि तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. ज्या गव्हर्नराच्या अमलात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला, त्याच्या नावाची वनस्पती आज मुख्यतः किल्ल्यांच्याच आश्रयाने तग धरून असावी, हा योग मौजेचा खरा. शिवनेरी, पुरंदर व वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वरचा परिसर आणि रंधा धबधब्याजवळील खडक ही तिची ज्ञात ठिकाणे होत.

तिचा अधिवास म्हणजे काळ्या बेसाल्टाच्या उभ्या कड्यांतील भेगा आणि कड्यालगतची उघडी, गवताळ, उन्हाने तापणारी उतरण. चार महिने मुसळधार पाऊस आणि उरलेले आठ महिने जवळजवळ निर्जल, अशा या जागी ती बोटाएवढ्या जाडीच्या, जमिनीलगत पसरणाऱ्या किंवा कड्यावरून लोंबणाऱ्या खोडात पाणी साठवून राहते. तिच्या निकटच्या आप्त वनस्पती बहुधा पर्णहीन असतात. हिला मात्र पावसाळ्यात चांगली ठसठशीत पाने फुटतात व कोरड्या ऋतूत ती गळून पडतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणारी पंचकोनी, ताऱ्यासारखी फुले गडद तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची आणि कडेला लव असलेली असून त्यांना किंचित कुजका वास येतो. त्या वासाने माश्या येतात आणि परागांचे पुंजके त्यांच्या अंगाला अडकून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात. पुढे जोडशेंगा धरतात, त्या उकलून रेशमी झुपक्यांची बीजे वाऱ्यावर उडतात. पण ज्या भेगेत माती व ओल आहे अशा भेगेपर्यंत त्यांपैकी फारच थोडी पोहोचतात.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने १९८० नंतरच्या दशकात जगातील अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींची जी यादी जाहीर केली, तीत या वनस्पतीस स्थान मिळाले आणि जुन्नरच्या डोंगरावरील एका अपरिचित रोपट्याचे नाव एकाएकी जगभर झाले. भारत सरकारनेही वन्य अवस्थेतून गोळा केलेल्या ज्या वनस्पतींच्या निर्यातीस मनाई केली, त्यांच्या यादीत तिचे नाव घातले.

या बंदीचे प्रयोजन समजून घेण्यासाठी एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. ही वनस्पती कुंडीत वाढविण्यास मुळीच कठीण नाही. खोडाचा तुकडा निचऱ्याच्या मातीत खोचला की तो सहज मूळ धरतो, आणि त्यामुळे निवडुंगवर्गीय वनस्पतींच्या शौकिनांकडे परदेशांतही ती सुखाने नांदते. त्यावरून तिचे संकट टळले असा निष्कर्ष काढणारे आढळतात. तो आम्हांस मान्य नाही. एका खोडाचे शंभर तुकडे केल्याने शंभर कुंड्या भरतात, परंतु गुणसूत्रांच्या दृष्टीने ते एकच झाड राहते, आणि माश्या, कोरडा उन्हाळा व कड्याची भेग यांच्याशी जुळलेला तिचा जीवनक्रम कुंडीत चालू राहत नाही. म्हणून एखाद्या जातीची संरक्षणस्थिती ठरविताना तिच्या नैसर्गिक स्थानांवरील, बीजापासून उगवलेल्या रोपांची गणती करावयास हवी. उतिसंवर्धनाने तयार केलेली रोपे मूळ अधिवासात लावण्याचे प्रयत्न उपकारक आहेत, पण जेथे कडाच सुरक्षित नाही तेथे त्यांचा उपयोग मर्यादित होय.

कड्याला धोके अनेक आहेत. शेळ्या कोवळी खोडे खातात. उन्हाळ्यात गवताला लागणारा वणवा उतरणीवरील रोपे जाळतो. दरड कोसळली तर संपूर्ण वसाहत एका पावसात नाहीशी होऊ शकते. आणि गडांवर पर्यटकांची वर्दळ, पायवाटांचे रुंदीकरण व तटांची सफाई वाढत असल्याने, पूर्वी दुर्गमतेने दिलेले अभय उत्तरोत्तर कमी होत आहे. तटबंदीची दुरुस्ती करताना भेगांतील झाडोरा सरसकट उपटला जातो, त्यात ही ओषधीही जाऊ शकते. यास्तव दुरुस्तीचे काम हाती घेण्यापूर्वी वनस्पतितज्ज्ञांकडून कड्याची पाहणी करून घेण्याचा दंडक पुरातत्त्व व वन या दोन्ही खात्यांनी घालून घ्यावा. गडावर जाणाऱ्यांनीही ती दिसल्यास तिचा तुकडा तोडून आणू नये, आणि तिचे नेमके ठिकाण छायाचित्रासह सर्वत्र जाहीर करू नये.