वर्खामागचा कागद

जपानमधल्या कानाझावा शहरातली हिगाशी चाया ही जुनी चहाघरांची वस्ती. 1820 साली वसलेल्या या गल्ल्यांत लाकडी जाळ्यांची दुमजली घरं खेटून उभी आहेत, आणि आत कधी काळी गेइशांच्या गाण्याच्या बैठकी रंगत. त्यातल्याच एका घरात पाहुण्यांना सोन्याचा वर्ख लावायला शिकवतात. मी बसले होते त्या पाटावर काळ्या लाखेच्या दोन चॉपस्टिक होत्या आणि शेजारी एका पातळ कागदावर वर्खाचा चौकोन. त्याला रंग होता, चार कडा होत्या, पण जाडी म्हणावी असं काही डोळ्यांना दिसत नव्हतं. मी जरा वाकले आणि माझ्या नुसत्या श्वासाने तो चौकोन शहारला. शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःच्या तोंडासमोर हात धरून दाखवला. मी श्वास रोखला.

बांबूच्या चिमट्याने वर्ख उचलायचा, डिंक लावलेल्या जागी अलगद टेकवायचा, मऊ कापसाने दाबायचा आणि उरलेला कुंचल्याने झटकायचा. झटकलेला चुरा बाईंनी डबीत टिपून घेतला. सोनंच ते, टाकणार कोण? पण ज्या कागदावरून वर्ख आला तो मी बाजूला सारला होता, तोही त्यांनी उचलला, तळहाताने सरळ केला आणि जपून ठेवला. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं. पुढचे दोन दिवस या शहरात फिरत वर्खाचं कूळ शोधलं, तेव्हा कळलं की ही वाट कागदाच्याच दारात जाऊन थांबते.

शहराच्या नावातच सोनं आहे. कानाझावा म्हणजे सोन्याची पाणथळ. दंतकथा अशी, की तोगोरो नावाचा एक गरीब माणूस डोंगरातून कंद खणून आणी आणि झऱ्यावर धुऊन घेई. एक दिवस धुतलेल्या मातीत सोन्याचे कण चमकले. तो झरा केन्रोकुएन बागेशेजारी आजही दाखवतात.

इतिहास सुरू होतो तो मात्र देवळापासून. 1488 साली या कागा प्रांतातल्या जोदो शिन बौद्ध पंथाच्या अनुयायांनी, शेतकऱ्यांनी आणि भिक्षूंनी, बंड करून सरदाराला उलथून टाकलं आणि जवळजवळ शंभर वर्षं कारभार स्वतःच्या हाती ठेवला. 1546 साली त्यांनी टेकडीवर मंदिर उभारलं आणि त्याच्या पायथ्याशी गाव वाढलं. 1580 मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराच्या सैन्याने ते जिंकलं, मंदिराच्या जागी किल्ला आला आणि 1583 साली माएदा तोशिइए हा सरदार तिथे राहायला आला. राज्य गेलं, पण घराघरातली भक्ती गेली नाही. या पंथाच्या घरात बुत्सुदान असतं, म्हणजे आपल्या देवघरासारखं लाकडी देवालय, आणि ते आतून सोन्याने मढवलेलं असतं. वर्खाला कायमचं गिऱ्हाईक मिळालं ते असं, सरदाराच्या महालाइतकंच शेतकऱ्याच्या माजघरातून.

वर्खाचा पहिला लेखी उल्लेख 1593 सालचा. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने कोरियावर स्वारी काढली होती आणि तोशिइए क्यूशू बेटावरच्या हिझेन नागोया इथल्या छावणीत होता. तिथून त्याने घरी पत्र धाडलं, की सोन्याचा आणि चांदीचा वर्ख तयार करवून घ्यावा. एका सरदाराच्या पत्रातली ही मागणी. याचा अर्थ उघड आहे, ज्यांना सांगायचं ते कारागीर त्याआधीच प्रांतात नांदत होते.

पुढे तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांची, म्हणजे लष्करी शासकांची, सत्ता आली. माएदांचं वतन दहा लाख कोकुंचं, शोगुनच्या खालोखाल सर्वांत मोठं. एक कोकु म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाची वर्षाची बेगमी. एवढ्या श्रीमंत सरदाराकडे शोगुनची नजर संशयाचीच असणार. माएदांनी पैसा शस्त्रांऐवजी कलांकडे वळवला. किल्ल्यात मुळात हत्यारं दुरुस्त करणारा कारखाना होता, त्यात लाखकाम, धातुकाम, कोरीवकाम सुरू झालं. पाचवा माएदा, त्सुनानोरी, याने तर देशभरातल्या कारागिरीचे नमुने गोळा करून नीट लावून ठेवले. किल्ल्याचा मुख्य मनोरा 1602 मध्येच वीज पडून जळाला होता. तसा मनोरा पुन्हा उभा राहिला नाही. गाव ओळखलं जाऊ लागलं ते कारागिरांमुळे.

नेमकी त्याच काळात वर्खावर बंदी आली. सोनं हे नाण्यांचं द्रव्य, ते भिंतींवर किती चढवायचं यावर शोगुनला ताबा हवा होता. 1696 साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, वर्खावर देखरेख करणारं सरकारी खातं निघालं आणि एदो-क्योतोबाहेर वर्ख ठोकायला मनाई झाली. शंभरहून अधिक वर्षं कानाझावाला वर्ख बाहेरून विकत घ्यावा लागला. मग 1808 साली किल्ल्यातला निनोमारू महाल जळाला. तो पुन्हा बांधायचा तर वर्ख ढिगाने हवा होता. क्योतोहून कारागीर आले आणि त्यांच्या हाताखाली गावातली माणसं पुन्हा शिकली. महाल उभा राहिला, पण हात आता थांबेनात. बाहेरून आणलेला वर्ख परत ठोकून सारखा करतो आहोत, अशा बतावणीखाली लपूनछपून नवा वर्ख निघत राहिला. 1864 मध्ये वतनाच्या स्वतःच्या गरजेपुरती परवानगी मिळाली. चार वर्षांत शोगुनशाही कोसळली आणि तिच्या आश्रयावर जगणारा एदोचा वर्खही तिच्याबरोबर ओसरला. चोरून शिकलेलं कानाझावा तेवढं उरलं. आज जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख, शंभरात अठ्ठ्याण्णवहून जास्त, याच एका शहरात होतो.

का, असं विचारलं की तिथली माणसं आधी आभाळाकडे बोट दाखवतात. जपानी समुद्रावरून इथे बाराही महिने पाऊस नाहीतर बर्फ येतं. डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका, अशी इथली म्हणच आहे. कोरड्या हवेत वर्खावर स्थिर वीज साठते आणि तो गोळा होतो, चिकटतो, फाटतो. दमट हवेत तो शांत राहतो. चिमटा बांबूचा असतो, धातूचा नसतो, तोही याच कारणाने.

कारखान्यातलं काम पाहिलं की मग कागद समोर येतो. सर्वांत चालतो तो 'चार नंबर' रंगाचा वर्ख. त्यात 94.43 टक्के सोनं, 4.9 टक्के चांदी आणि 0.66 टक्के तांबं. वितळवून, लाटून त्याची पट्टी करतात आणि मग ठोकणं सुरू होतं. यात दोन वेगळी घराणी आहेत. पहिलं 'झुमिया', ते सोनं एक हजारांश मिलिमीटरपर्यंत पातळ करतं. दुसरं 'हाकुया', ते तिथून दहा हजारांश मिलिमीटरपर्यंत नेतं. असे दहा हजार वर्ख एकावर एक रचले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. प्रकाशासमोर धरला तर पलीकडचं निळसर हिरवं दिसतं. मी हिशेब मांडून पाहिला. 10 ग्रॅमच्या एका तोळ्यात 109 मिलिमीटरचे साडेचारशेच्या आसपास चौकोन निघतात. दोन तोळे सोन्यात अख्खं नऊवारी लुगडं झाकून निघेल.

इतकं पातळ सोनं हातोड्याखाली टिकतं कसं? सोन्याच्या प्रत्येक तुकड्याखाली आणि वर कागद असतो. शेकडो कागद, शेकडो तुकडे, यांची एकच गड्डी बांधायची आणि तिच्यावर घाव घालायचे. घाव कागद खातो आणि सोन्याला फक्त पसरायला लावतो. कागद खरखरीत असेल तर वर्खाला भोकं पडतील, ओलसर असेल तर तो चिकटेल, ठोकण्याच्या उष्णतेने कडक झाला तर फाटेल. म्हणून हा कागद साधा नसतो. गांपी नावाच्या झुडपाच्या सालीपासून तो बनतो. ह्योगो प्रांतातल्या नाजिओ गावचा कागद यासाठी नावाजलेला, कारण तिथे लगद्यात बारीक माती कालवतात आणि त्यामुळे कागद उष्णता सोसतो. हा कागद कानाझावात आला की वर्खवाला तो स्वतः घडवतो. भाताच्या पेंढ्याची राख पाण्यात कालवून तिची निवळी काढायची, तिच्यात काकी या फळाचा तुरट रस आणि अंडं मिसळायचं, कागद त्यात भिजवायचा, पिळायचा, ओलसर असतानाच ठोकायचा, वाळवायचा आणि पुन्हा भिजवायचा. यात महिने जातात. सोनं ठोकायला त्याच्या मानाने थोडा वेळ लागतो. वर्ख चांगला उतरतो की नाही हे कागदावर ठरतं, असं तिथले कारागीर मानतात. सोनं बाजारातून आणता येतं. असा कागद स्वतःच तयार करावा लागतो.

इथे मला आपला वर्ख आठवला. मिठाईवरचा, विड्यावरचा. मराठ्यांच्या तंजावरात चित्रांमधल्या देवांच्या अंगावर चढला तो सोन्याचा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तो जनावराच्या चामड्याच्या किंवा आतड्याच्या पापुद्र्यात ठोकत आले. युरोपातही बैलाच्या आतड्याचा पापुद्रा वापरत. 2016 साली आपल्याकडच्या अन्नसुरक्षा खात्याने खाण्याच्या चांदीच्या वर्खासाठी जनावराचा कोणताही भाग वापरण्यावर बंदी घातली, तेव्हा पर्याय म्हणून कागदाची चर्चा सुरू झाली. कानाझावाने ती वाट कधीच चोखाळली होती. आणि शब्दाचं मूळ पाहिलं तर गंमत वाटते. वर्ख आला अरबी 'वरक'वरून. वरक म्हणजे पान, झाडाचं आणि पुस्तकाचंही. आपल्या शब्दात कागद आधीपासूनच दडलेला आहे.

ठोकून झालेला वर्ख बांबूच्या चौकटीने कापतात आणि दुसऱ्याच एका कागदावर ठेवतात. तो मित्सुमाता झुडपाच्या सालीचा असतो, ओकायामा प्रांतातल्या त्सुयामाकडचा. हा कागद वर्खापेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे सोन्याच्या चारही बाजूंनी कागदाची कड दिसते. या कडेवरूनच जुन्या पद्धतीच्या वर्खाला नाव पडलं 'एन्त्सुके', म्हणजे काठाचा. जपानमधला सर्वांत मानाचा वर्ख ओळखला जातो तो त्याच्या कागदी काठावरून.

विसाव्या शतकात ठोकायला यंत्राचा हातोडा आला आणि 1960 नंतर काजळी लावलेला ग्लासिन कागद. त्यातून निघणारा वर्ख कागदासकट एका वेळी कापतात, म्हणून त्याला 'ताचिकिरी' म्हणतात, म्हणजे छाटलेला. त्याला काठ नसतो. तो स्वस्त पडतो, भराभर निघतो, आणि बाजारातला बहुतेक वर्ख आज तोच आहे. एन्त्सुके करणारी घरं थोडी उरली आहेत. पण जुनी मंदिरं दुरुस्त करायची तर त्याच्याकडेच वळावं लागतं. 2020 साली युनेस्कोने जपानी लाकडी वास्तू जतन करण्याची जी कौशल्यं मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवली, त्यात एन्त्सुके वर्खाचं कामही आहे. क्योतोचा सुवर्णमंडप 1950 साली जळाला आणि 1955 साली नव्याने उभा राहिला, पण त्याचा पातळ वर्ख लवकरच झिजला. 1986-87 मध्ये कानाझावाच्या सुमारे दोन लाख वर्खांनी तो पुन्हा मढवला. हे वर्ख नेहमीच्या पाचपट जाड होते आणि सोनं लागलं 20 किलो.

आणि तो कागद? तो पुन्हापुन्हा घडवून वापरतात. शेवटी तो ठोकायला निकामी होतो, पण तोवर असंख्य घावांनी इतका गुळगुळीत आणि घट्ट झालेला असतो, की चेहऱ्यावरचं तेल टिपतो आणि रंग मात्र हलू देत नाही. गेइशांनी आणि काबुकीच्या नटांनी हे ओळखलं. त्यांच्यासाठी या जुन्या कागदांचे तुकडे विकले जाऊ लागले, 'फुरुयागामी' या नावाने. आज जगभरातल्या मुलींच्या पर्समध्ये तेल टिपणाऱ्या कागदांची जी पुडी असते, तिचा पूर्वज हाच.

हिगाशी चायाच्या जवळच वर्खाचं एक छोटं संग्रहालय आहे. यासुए ताकाआकी या वर्ख कारागिराने 1974 साली ते स्वतःच्या संग्रहातून उभं केलं आणि पुढे शहराला दिलं. तिथे एन्त्सुकेचा एक चौकोन पाहिला, मधे सोनं आणि भोवती कागदाचा बारीकसा पांढरा काठ. बराच वेळ मी त्या काठाकडेच पाहत उभी राहिले. चहाघरातल्या बाईंनी तळहाताने सरळ केलेला कागद मला आता नीट दिसत होता.

माझ्या चॉपस्टिकवरचा वर्ख रोजच्या वापराने झिजेल, हे ठाऊक आहे. निघताना मी फुरुयागामीची एक पुडी घेतली. घरी ती देवघराशेजारच्या फडताळात ठेवली आहे. सोन्यासाठी मार खाल्लेल्या कागदाला ती जागा शोभते.