देवाचा द्रोही कोण?

ईश्वराशी द्रोह करणारा आधी स्वतः भ्रष्ट होतो आणि मग प्रजेस छळतो, हे आपण हिरण्यकशिपूच्या कथेपासून ऐकत आलो आहोत. हे सूत्र जव्हार-मोखाड्याच्या इतिहासास लावू गेले की पेच पडतो. येथे देवास विसरलेला म्हणून बोट दाखविले जाई ते वारल्याकडे; दारूबाज आणि भुताखेतांचा पूजक म्हणून! ते बोट आम्हांस उलट दिशेने फिरवावेसे वाटते.

वारल्याच्या घरी नवे धान्य देवास दाखविल्यावाचून तोंडात जात नसे, आणि मोहाच्या दारूची धार भुईवर सोडल्यावाचून पूजा पुरी होत नसे. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात घरची भट्टी गुन्हा ठरली. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे जिल्ह्यात मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. मोखाडा या इंग्रजी मुलखातला; जव्हार मुकणे राजांचे संस्थान. देवाच्या वाट्याची दारूही आता मक्तेदाराच्या दुकानातून आणावयाची! देवाच्या नैवेद्यावर कर बसविणाऱ्यास आमच्या पुराणांनी कोणत्या पंक्तीस बसविले असते?

लग्नाचेही तेच. भिंतीवर चौक लिहून त्यात पालघट देवी बसवावयाची, धवलेरीने गाणी म्हणून लग्न लावावयाचे. पण त्या खर्चासाठी घेतलेल्या थोडक्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराच्या घरी राबावयास बांधली जात. अशा माणसास लग्नगडी म्हणत. साक्ष देवीची, मालकी सावकाराची.

१९२२ साली मात्र नवल घडले. ठाण्याच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत प्रकटलेली एक देवी डोंगरपट्टीतून सुरगाणा, धरमपूर आणि पुढे सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. माणसांच्या अंगात येऊन ती सांगे : दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज स्नान करा, दारूवाल्याशी संबंध तोडा. ज्या धारेवाचून पूजा होत नव्हती, तीच देवीने नाकारली! विद्वानांनी यास खुळ म्हटले तरी त्यातला हिशेब दुकानदारास तत्काळ कळला. पुढे लाट ओसरली आणि पुष्कळ जण पुन्हा पिऊ लागले, हेही खरे.

वेठ आणि लग्नगडी मोडले ते १९४५ पासून, किसान सभेच्या लाल बावट्याखाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी देवाचे नाव घेतले नाही. आरंभीचे सूत्र येथे अडते, आणि ते अडू द्यावे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. वारल्यांनी वेठीस जाणे थांबविले ते पुन्हा सुरू केले नाही.