भरीव डिस्क की व्हेंटिलेटेड डिस्क? ब्रेकच्या इतिहासातून एक उत्तर



बडोद्याचे एक स्नेही आहेत. त्यांच्या छोट्या गाडीला पुढे साधी, म्हणजे भरीव डिस्क आहे. गॅरेजवाल्याने त्यांना सांगितलं, "साहेब, व्हेंटिलेटेड डिस्क टाका, ब्रेक दुप्पट लागेल." त्यांनी मला विचारलं, टाकू का? हो किंवा नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मला त्यांना आधी व्हेंटिलेटेड डिस्क मुळात का जन्मली ते सांगावंसं वाटलं. शस्त्र कशासाठी बनलं हे कळलं, की ते आपल्या कामाचं आहे की नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी दोन्हींमधला फरक बघू. भरीव डिस्क म्हणजे ओतीव लोखंडाची एकसंध तबकडी. छोट्या गाड्यांत तिची जाडी साधारण १० ते १३ मिलिमीटर असते. व्हेंटिलेटेड डिस्क म्हणजे दोन तबकड्या आणि त्यांच्यामध्ये लोखंडाच्या पट्ट्यांच्या भिंती. तिची जाडी बहुधा २० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. चाक फिरलं की मधल्या भोकाकडून हवा आत ओढली जाते आणि कडेने बाहेर फेकली जाते. थोडक्यात, ब्रेकच्या पोटात बसवलेला पंखाच तो.

तांब्याच्या पॅडपासून ल मान्सपर्यंत

डिस्क ब्रेकची कल्पना फार जुनी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचं पेटंट घेतलं. अडचण अशी होती की पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू घासून कानठळ्या बसवणारा आवाज यायचा, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबं भराभर झिजायचं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक आणला. तो झाकलेला, धुळीपासून सुरक्षित आणि स्वस्त. पुढची पन्नास वर्षं जगभरच्या मोटारींवर ड्रमचंच राज्य राहिलं. आपली अॅम्बेसेडरही वर्षानुवर्षं चारही चाकांच्या ड्रमवरच धावली.

ड्रमची खोड उष्णतेत होती. तापला की ड्रम फुगतो आणि आतल्या शूपासून दूर जातो. पेडल खाली खाली जाऊ लागतं. शिवाय उष्णता आत कोंडते आणि लायनिंगची पकड ढिली पडते. डिस्क मात्र उघड्यावर असते आणि तापून फुगली तर पॅडच्या दिशेनेच फुगते.

मोटारींच्या आधी डिस्क ब्रेक विमानांनी उचलला. वजनदार विमान धावपट्टीवर उतरताना सगळी ऊर्जा थोड्या सेकंदांत ब्रेकमध्ये ओतली जाते. विमानांसाठी असे ब्रेक बनवणाऱ्या डनलॉपने जॅग्वारबरोबर काम केलं आणि १९५३ च्या ल मान्स शर्यतीत जॅग्वार सी-टाइप गाड्या चारही चाकांना डिस्क लावून उतरल्या. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले. २४ तासांचा सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर! ताशी १०० मैलांच्या वरची सरासरी या शर्यतीत पहिल्यांदाच नोंदली गेली. जॅग्वारचे नंबर आले पहिला, दुसरा आणि चौथा. ड्रमवाल्यांना लांब सरळ रस्त्याच्या शेवटी लवकर ब्रेक मारावा लागायचा. जॅग्वारवाले तेवढा वेळ पाय अॅक्सिलरेटरवर ठेवू शकायचे.

आणि हे लक्षात घ्या, त्या जॅग्वारच्या डिस्क भरीव होत्या. भरीव डिस्कला दुय्यम समजणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. १९५५ मध्ये सित्रोएन डीएसने पुढच्या चाकांसाठी डिस्क दिली आणि शर्यतीतला ब्रेक सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत आला.

मग पोकळ डिस्क कशाला?

साठच्या दशकात इंजिनांची ताकद वाढली. अमेरिकेत १९६५ च्या शेव्हरले कॉर्व्हेटने चारही चाकांना व्हेंटिलेटेड डिस्क दिल्या. पण मला जास्त बोलकं उदाहरण वाटतं ते जर्मनीच्या पोर्शचं. मूळ ९११ ही १३० अश्वशक्तीची गाडी, तिला भरीव डिस्क होत्या. १९६७ सालच्या मॉडेलसाठी ९११ एस आली, १६० अश्वशक्तीची. तिला व्हेंटिलेटेड डिस्क मिळाल्या. गाडी तीच, कारखाना तोच, वजनही जवळपास तेवढंच. वाढली ती ताकद, म्हणजेच पुन्हा पुन्हा वेग घेण्याची आणि पुन्हा पुन्हा तो मोडण्याची क्षमता. इंजिनियरांनी ब्रेक बदलला तो या 'पुन्हा पुन्हा'साठी.

आता थोडं गणित करू. १००० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली तर सुमारे ३८५ किलोज्यूल उष्णता तयार होते. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, म्हणून यातला साधारण ७० टक्के भार पुढच्या ब्रेकवर येतो असं धरू. पाच किलोची एक भरीव डिस्क त्यात ६० अंशांच्या आसपास तापेल. एवढ्याने तिचं काहीही बिघडत नाही. गाडी किती अंतरात थांबेल हे अशा एका ब्रेकमध्ये टायरची पकड ठरवते. चाक लॉक होईपर्यंत किंवा एबीएस जागं होईपर्यंत दाब देण्याची ताकद भरीव डिस्कमध्येही असते. मग 'दुप्पट ब्रेक' येणार कुठून?

खरी परीक्षा घाटात. १२०० किलोची भरलेली गाडी ८ टक्के उतारावर ताशी ३६ च्या वेगाने उतरते आहे. दर सेकंदाला ती ८० सेंटिमीटर खाली येते आणि सुमारे ९ किलोवॅट ऊर्जा मोकळी होते. टायर आणि वाऱ्याचं घर्षण थोडी खाते. बाकी सगळी इंजिनने नाहीतर ब्रेकने पचवायची. घरातले सात-आठ हीटर सतत चालू ठेवल्यासारखं हे आहे, आणि असं वीस-पंचवीस मिनिटं. इथे व्हेंटिलेटेड डिस्क आपली किंमत वसूल करते. तिच्यात लोखंड जास्त आणि हवा खेळायला जागाही जास्त.

लष्करातून काय शिकलो

माझ्या नोकरीची पहिली वर्षं जबलपूरच्या कारखान्यातून आलेल्या जोंगांबरोबर गेली. चारही चाकांना ड्रम. नाला ओलांडला की ड्रममध्ये पाणी शिरायचं, आणि पलीकडे पोहोचल्यावर ब्रेक हलका दाबत गाडी थोडी चालवून ते वाळवायचं, हा शिरस्ता होता. नंतर जिप्सी आली. तिला पुढे डिस्क होत्या, त्याही भरीवच. पाणी त्या लगेच झटकून टाकायच्या. चिखलातही अडचण कमी, कारण माती अडकायला पोकळ्याच नाहीत. व्हेंटिलेटेड डिस्कच्या खाचा मात्र चिखलाने बुजू शकतात, गंजूही शकतात.

उंचीवर आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांपर्यंत उतरते. व्हेंटिलेटेड डिस्कची सगळी ताकद हवेवर, आणि तिथे तीच विरळ. म्हणून खारदुंग ला किंवा झोजिला उतरताना ताफ्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला हुकूम एकच असायचा: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करायचं नाही, इंजिन बंद करायचं नाही. खंडाळ्याला, निलगिरीत किंवा मनालीच्या वाटेवर हाच नियम लागू आहे. पहिला ब्रेक गिअरचा, दुसरा डिस्कचा.

बरेचदा उतारावर दगा देतं ते ब्रेक ऑइल. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा पितं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलची मर्यादा १४० वर येऊ शकते. डॉट ४ ची हीच मर्यादा २३० आणि १५५. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट फ्लोअरला टेकतं. मग डिस्क भरीव आहे की पोकळ, याला काही अर्थ उरत नाही.

तर निवड कशी करायची?

हलकी गाडी, शहरातला वापर, अधूनमधून हायवे: कंपनीने दिलेली भरीव डिस्क पुरेशी आहे. मागच्या चाकांवर भार कमी येतो, त्यामुळे तिथे तर बहुतेक गाड्यांना भरीव डिस्क किंवा ड्रमच पुरतो. जड गाडी, नेहमीचा घाट, भरपूर सामान, जास्त ताकदीचं इंजिन: पुढे व्हेंटिलेटेड हवीच, आणि अशा गाड्यांना कारखाना ती देतोच. नवी गाडी घेताना हे माहितीपत्रकात बघून घ्या.

भरीवच्या जागी व्हेंटिलेटेड बसवायची तर नुसती डिस्क बदलून भागत नाही. जाडी दुप्पट, म्हणजे कॅलिपर वेगळा, पॅड वेगळे, कधी चाकाची रिमही वेगळी. पुढचा ब्रेक वाढला की पुढच्या-मागच्या ब्रेकचं संतुलनही बदलतं. कॅलिपर घासून किंवा पातळ पॅड टाकून जुगाड करणाऱ्या माणसाच्या हाती आपलं कुटुंब सोपवू नका. काही व्हेंटिलेटेड डिस्कच्या आतल्या पट्ट्या वळणदार असतात. त्यांची डावी आणि उजवी वेगळी असते, तेही तपासा.

बडोद्याच्या स्नेह्यांना मी सांगितलं: डिस्क आहे तीच ठेवा. तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. तेवढी झिजली असेल तर तीच नवी टाका. चांगले पॅड घ्या, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी ते बदला. उरलेल्या पैशांत सापुताऱ्याला जाऊन या, आणि परतताना घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.

पुन्हा भेटू. जय हिंद!